पात्राचा टाइप काढायचाय? चार मोफत साधनांची पारख

कादंबरीतल्या किंवा मालिकेतल्या पात्राचा व्यक्तिमत्त्व-प्रकार शोधणारे लोक बहुधा चारपैकी एका ठिकाणी जातात. सिक्स्टीन पर्सनॅलिटीजची चाचणी, पर्सनॅलिटी डेटाबेस हे मतदानाचं संकेतस्थळ, ओपन सायकोमेट्रिक्सवरची पात्रांची गुणतालिका आणि बिग फाइव्ह म्हणजे पाच गुणांवर माणूस मोजणाऱ्या पद्धतीची १२० विधानांची चाचणी. चारही फुकट वापरता येतात. मात्र प्रत्येक साधन वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि वापरणारा त्या सगळ्यांकडून एकच गोष्ट मागतो, चार अक्षरं (ई किंवा आय: बहिर्मुख की अंतर्मुख; एस किंवा एन: प्रत्यक्ष तपशील की अंतःप्रेरणा; टी किंवा एफ: तर्क की भावना आणि मूल्यं; जे किंवा पी: ठरवून मोकळं होणं की पर्याय खुले ठेवणं). घोळ तिथेच सुरू होतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. पात्र खरोखर समजून घ्यायचं असेल तर १२० विधानांची चाचणी, आणि तीही पात्राच्या तोंडून न भरता बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेने भरलेली. मतदानाचं संकेतस्थळ तिथल्या वादांसाठी वाचावं, निकालासाठी नाही. पात्र प्रसिद्ध असेल तर गुणतालिका पडताळणीला उत्तम. सर्वात लोकप्रिय असलेली सिक्स्टीन पर्सनॅलिटीज या कामासाठी चौघांत शेवटची.

कोणतंही साधन उघडण्याआधी एक कागद तयार हवा. पात्राचे बारा ते पंधरा प्रसंग निवडा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: पात्राने काय केलं, त्याची त्याला काय किंमत मोजावी लागली, आणि दुसरं काही करण्याची मुभा होती का. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. आग लागल्यावर धावत सुटणारा माणूस उतावळा असतोच असं नाही. तिथे दुसरा पर्यायच नव्हता. असे प्रसंग खोडून टाका. उरलेल्यांत किंमत मोजून केलेल्या कृतीला सर्वाधिक वजन द्या, पात्राच्या स्वतःबद्दलच्या बोलण्याला त्याहून कमी, आणि निवेदक किंवा इतर पात्रं त्याच्याविषयी जे म्हणतात त्याला सर्वात कमी. ‘तो फार शांत स्वभावाचा होता’ हे वाक्य पुरावा नाही. कथेत तो तीनदा भांडला असेल तर ते भांडण पुरावा आहे.

नमुन्यासाठी एक पात्र रचू. वसुधा, एका रुग्णालयातली रात्रपाळीची मुख्य परिचारिका. औषधांची नोंदवही ती तीनदा तपासते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाच्या मुलाला ती नियम मोडून रात्री दोन वाजता आत सोडते आणि सकाळी डॉक्टरांना शांतपणे खोटं सांगते. रुग्णाला दिलेला शब्द पाळण्यासाठी स्वतःची रजा रद्द करते. बैठकीत व्यवस्थापनाशी भांडते, पण हातातल्या कागदावरचं वाचून. घरी मात्र चाव्या रोज शोधाव्या लागतात, कपडे खुर्चीवर साचलेले असतात आणि आलेली पत्रं आठवडेच्या आठवडे न उघडता पडून राहतात.

सिक्स्टीन पर्सनॅलिटीज

सुमारे ६० विधानं, प्रत्येकासमोर ‘सहमत’ ते ‘असहमत’ अशी सात वर्तुळं. प्रत्येक विधानाला उत्तर द्यावंच लागतं. शेवटी चार अक्षरं, त्यांना जोडून ए किंवा टी (ठाम की चंचल), आणि प्रत्येक अक्षराकडे किती टक्के झुकाव आहे ते. मांडणी देखणी आहे आणि वर्णनं वाचायला सोपी आहेत. स्वतःसाठी करमणूक म्हणून ठीक.

पात्रासाठी अडचण अशी, की विधानं ज्या सवयींविषयी विचारतात त्यांतल्या कित्येक कथेत आलेल्याच नसतात. वसुधा समारंभात अनोळखी माणसाशी आपणहून बोलेल का? लेखकाने तिला समारंभात नेलेलंच नाही. मग हात आपोआप मधल्या वर्तुळाकडे जातो. मधलं वर्तुळ म्हणजे ‘माहीत नाही’ असं आपण समजतो. चाचणी ते ‘दोन्हीकडे सारखंच’ असं वाचते. एक तृतीयांश विधानं अशी मधोमध गेली की आकडे पन्नाशीकडे सरकतात, आणि ५२ टक्क्यांवर मिळालेलं अक्षर एका उत्तरात उलटू शकतं. निकालाच्या पानावर मात्र ते ८५ टक्क्यांच्या अक्षराइतकंच ठळक दिसतं.

यावर उपाय आहे, थोडा वेळ खाणारा. चाचणी दोनदा भरा. ज्या विधानांना पुरावा आहे त्यांची उत्तरं दोन्ही वेळा तीच ठेवा. पुरावा नसलेल्यांना पहिल्या वेळी गुणाच्या एका टोकाकडे झुकणारं उत्तर द्या (सगळी अंतर्मुखतेकडे, असं), दुसऱ्या वेळी उलट टोकाकडे. दोन्ही निकालांत जी अक्षरं टिकली तेवढीच तुमची. बाकीच्यांच्या जागी फुली मारा. ‘आय-फुली-एफ-फुली’ हा प्रामाणिक निकाल आहे. उगाच चार अक्षरं पूर्ण करण्यापेक्षा कितीतरी बरा.

आणखी एक गोष्ट इथे ध्यानात ठेवायलाच हवी. या संकेतस्थळाने स्वतःच स्पष्ट केलं आहे की ते मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची मानसिक कार्यं (फंक्शन्स: एस, एन, टी, एफ यांची आत किंवा बाहेर वळलेली रूपं, जसं एनआय म्हणजे आत वळलेला एन, टीई म्हणजे बाहेर वळलेला टी) वापरत नाहीत. अक्षरं जुनी, पण त्यांखालचं मोजमाप बिग फाइव्हच्या अंगाने जाणारं. म्हणून इथला ‘आयएनएफजे-टी’ घेऊन ‘म्हणजे हिचं मुख्य कार्य एनआय’ असं म्हणता येत नाही. टाइपिंगच्या चर्चांत निम्मे वाद या एका गोंधळातून उभे राहतात: एकजण अक्षरांची टक्केवारी बोलत असतो, दुसरा कार्यांचा क्रम, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

पर्सनॅलिटी डेटाबेस

इथे चाचणी नाही. प्रत्येक पात्राचं एक पान, आणि त्यावर सभासदांची मतं: सोळा प्रकारांपैकी कोणता, एनिअग्राम या नऊ प्रकारांच्या पद्धतीतला कोणता आकडा आणि कोणता पंख (म्हणजे शेजारचा आकडा), शिवाय सोशिऑनिक्स ही युंगवरूनच निघालेली पद्धत, स्वभावप्रकृती वगैरे. खाली चर्चा. मूळ कादंबरीतलं पात्र आणि त्याचं पडद्यावरचं रूप यांना बऱ्याचदा वेगळी पानं असतात, हे फार योग्य केलं आहे. नट बदलला, पटकथा बदलली की स्वभावही बदलतो. दोन्हींचे पुरावे एकत्र कालवले तर हाती काहीच लागत नाही. पान उघडल्यावर पहिली गोष्ट तीच तपासा: आपण कोणत्या रूपाच्या पानावर आहोत?

नवखा माणूस पानावरचं सर्वात वरचं मत उचलतो आणि निघतो. खरी माहिती पहिल्या आणि दुसऱ्या मतांतल्या अंतरात असते. पहिल्याला नव्वद टक्के असतील तर पात्र ठसठशीत, किंवा सरधोपट लिहिलेलं. ४५ आणि ४० अशी फाळणी असेल तर थांबा आणि दुसरा प्रकार कोणता ते बघा, कारण सगळ्या फाळण्या सारख्या नसतात.

आयएसटीजे की आयएसएफजे हा वाद जवळच्या नात्यातला आहे. दोघांचं मुख्य कार्य एसआय, म्हणजे आधी अनुभवलेल्याशी ताडून पाहणं. फरक दुय्यम कार्यात, टीई की एफई. इथे प्रश्न एवढाच, की पात्र बाहेरच्या जगात काम कसं उरकतं: हिशेब आणि परिणाम पाहून, की आजूबाजूच्यांच्या भावना सांभाळून. असे तीन प्रसंग काढले की वाद मिटतो.

आयएनटीजे की आयएनटीपी हा वाद दिसायला एका अक्षराचा. प्रत्यक्षात पहिल्याचा क्रम एनआय, टीई, एफआय, एसई. दुसऱ्याचा टीआय, एनई, एसआय, एफई. एकही कार्य समान नाही. चार अक्षरांची पद्धत घडवणाऱ्या मायर्स आणि ब्रिग्ज या मायलेकींनी युंगच्या १९२१ सालच्या मांडणीत शेवटचं अक्षर वाढवलं ते याचसाठी: माणसाचं कोणतं कार्य बाहेरच्या जगाकडे तोंड करून आहे हे दाखवायला. जे म्हणजे टापटीप आणि पी म्हणजे पसारा, असं त्या अक्षराचं जे सुलभीकरण सगळीकडे चालतं, त्याने पात्रांचं सर्वाधिक नुकसान केलं आहे. वसुधाची नोंदवही पाहणारा तिला जे देणार, तिचं घर पाहणारा पी देणार, आणि दोघंही तिच्याविषयी काहीच नवीन सांगणार नाहीत.

मतांमध्ये ठरलेले कल असतात. ते ओळखता आले तर हे संकेतस्थळ एकदम उपयोगी होतं. प्रथमपुरुषी निवेदन करणारी पात्रं वाजवीपेक्षा जास्त अंतर्मुख ठरतात, कारण वाचक पानोपानी त्यांच्या मनात बसलेला असतो. तेच पात्र दुसऱ्याच्या नजरेतून लिहिलं असतं तर बडबडं वाटलं असतं. निवेदकाचं टाइपिंग करताना त्याचे मनातले विचार झाका आणि फक्त त्याने मोठ्याने उच्चारलेली वाक्यं मोजा.

गुप्तहेर, योजना आखणारे खलनायक, भविष्य ताडणारे गुरू यांना ‘एन’ सढळ हाताने मिळतो. त्यांचे अंदाज खरे ठरतात ते लेखकाला शेवट माहीत असतो म्हणून. अंदाज बरोबर आला का, हे विचारू नका. पात्र त्या अंदाजापर्यंत कसं पोचलं ते बघा. चिखलाचा रंग, बुटाची झीज, हातावरचा व्रण असं एकेक निरीक्षण जोडत गेलं असेल तर तो पुरावा ‘एस’कडे जातो, निष्कर्ष कितीही झगझगीत असो. तसंच क्रूर पात्राला ‘टी’ आणि रडणाऱ्याला ‘एफ’. सूडाने पेटलेला, स्वतःच्या मूल्यांखातर सगळं जाळणारा खलनायक अगदी घट्ट ‘एफ’ असू शकतो.

शिवाय आधी पडलेली मतं समोर दिसत असताना पुढचं मत स्वतंत्र राहणं अवघड. म्हणून आपला कागद भरून, स्वतःचा अंदाज लिहून ठेवूनच ते पान उघडावं. चर्चेतले ज्या प्रतिसादांत ठोस प्रसंगाचा उल्लेख आहे तेवढेच वाचावे, आणि विशेष करून अल्पमतातले. अल्पमतवाल्याला पटवून द्यायचं असतं, म्हणून तो पुरावा आणतो. बहुमतवाला बऱ्याचदा प्रकाराचं वर्णनच पुन्हा लिहितो.

प्रकाराची वर्णनं पटतात यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रसिद्धच आहे: ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं वैयक्तिक विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर वाटला, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पात्राच्या बाबतीत धोका अधिकच, कारण पात्र ‘छे, मी असा नाही’ म्हणू शकत नाही. चाचपणीचा सोपा मार्ग: स्पर्धेतल्या दोन्ही प्रकारांची वर्णनं घ्या, दोन्हींत सारखी बसणारी वाक्यं खोडा, आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाला कागदावरचा एक प्रसंग जोडता येतो का बघा. उरलेली वाक्यं सहसा चार-पाचच असतात.

एनिअग्रामच्या मतांबद्दल थोडक्यात. नऊ आकडे वर्तनावर नसून मुळाशी असलेल्या भीतीवर आणि ओढीवर ठरतात, त्यामुळे पात्र जिंकल्यावर काय करतं तो प्रसंग शोधावा. सहा की आठ हा नेहमीचा वाद. दोघंही अंगावर धावून जातात. धोका टळल्यावर सहा नवा धोका हुडकू लागतो. आठ जागा ताब्यात घेतो. कथेत जिंकण्याचा प्रसंगच नसेल तर आकडा सोडून द्यावा.

ओपन सायकोमेट्रिक्सची गुणतालिका

या संकेतस्थळावर ‘तुम्ही कोणत्या पात्रासारखे’ अशी एक प्रश्नावली आहे आणि बहुतेक लोक तेवढीच सोडवून परततात. खरा ऐवज तिच्यामागे आहे. स्वयंसेवकांनी शेकडो पात्रांना विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्यांवर गुण दिले आहेत: लाजरा की धीट, गंभीर की खेळकर, अबोल की बोलका. प्रत्येक पात्राच्या पानावर जोडीगणिक सरासरी, इतर पात्रांच्या तुलनेत क्रमांक, गुणांमधला पसारा म्हणजे प्रमाण विचलन, आणि गुण देणाऱ्यांची संख्या मिळते. एका चौकटीत कोंबण्याचा आग्रह नाही, म्हणून हे साधन मनापासून आवडतं.

वाचायची रीत: आधी गुण देणाऱ्यांची संख्या. ती एकआकडी असेल तर ती ओळ सोडा. मग विचलन. सरासरी मधोमध आणि विचलन लहान, तर पात्र त्या गुणात खरोखर मध्यम आहे. सरासरी मधोमध आणि विचलन मोठं, तर वाचकांत दोन तट आहेत. अशा जोडीवर लेखकाने मुद्दाम दुहेरीपण ठेवलंय का ते पाहायला हवं. वसुधासारख्या पात्राचं ‘नियम पाळणारी की मोडणारी’ हे दुसऱ्या प्रकारात पडेल.

उणीव मोठी आहे: यादीत मुख्यत्वे गाजलेल्या इंग्रजी मालिका-चित्रपटांतलीच पात्रं. आपलं पात्र तिथे नसेल तर त्या शब्दजोड्या कागदावर उतरवून घ्या आणि चार वाचकांकडून एकमेकांना न विचारता भरून घ्या. तीस जोड्या पुरतात.

बिग फाइव्ह, १२० विधानं

जॉन जॉन्सन यांची आयपिप-निओ-१२० ही प्रश्नावली सर्वांना खुली आहे आणि अनेक संकेतस्थळं ती फुकट चालवतात. पाच गुण: मोकळेपणा, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक अस्थैर्य. प्रत्येकाचे सहा उपगुण, प्रत्येक उपगुणाला चार विधानं, प्रत्येक विधानाला १ ते ५. म्हणजे उपगुणाची बेरीज ४ ते २० आणि पूर्ण गुणाची २४ ते १२०.

भरताना ‘मी’च्या जागी पात्राचं नाव घाला. ‘वसुधा दिलेला शब्द पाळते.’ एवढ्याने कामच बदलतं: पात्राच्या मनात शिरून उत्तर कल्पिण्याऐवजी आपण पाहिलेलं नोंदवू लागतो. पुरावा नसलेल्या विधानाला ३ द्या आणि त्याचा क्रमांक बाजूला टिपून ठेवा. हे टिपण विसरू नका, कारण चारही विधानांना ३ दिले की उपगुणाचे १२ होतात, आणि अहवाल त्याला ‘मध्यम’ म्हणतो. पूर्ण गुणच कोरा असेल तर ७२. अशा आकड्यांवर अहवालात छान परिच्छेद छापून येतात. त्यांचा आधार शून्य असतो.

आता वसुधाचा शिस्तशीरपणा बघू. कर्तव्यभावना या उपगुणात शब्द पाळणं, खरं बोलणं, नियम मोडणं आणि शब्द मोडणं अशी चार विधानं येतात. शब्द पाळण्याला ५, खरं बोलण्याला २. ‘नियम मोडते’ हे उलट्या बाजूचं विधान, तिथे सहमती नोंदवली की गुण २. ‘शब्द मोडते’ याला ठाम नकार, गुण ५. बेरीज १४. टापटिपीचा उपगुण: आवराआवर, वस्तू जागेवर ठेवणं वगैरे. घरचा पुरावा पाहता ६. नोंदवहीचं काय? ती सावधपणाकडे आणि नोकरीच्या गरजेकडे जाते. औषधाचा डोस चुकला तर माणूस दगावतो, तिथे तपासण्यावाचून पर्याय नाही. न उघडलेली पत्रं ‘काम सुरू करायला जड जातं’ या विधानाखाली, म्हणजे स्वयंशिस्तीत. सगळं मिळून गुण मधोमध कुठेतरी येईल, आणि त्या मधल्या आकड्याला काही अर्थ नाही. अर्थ १४ आणि ६ मध्ये आहे, आणि त्याहून जास्त त्या १४ च्या आतल्या ५-२-२-५ मध्ये: ही बाई माणसाला दिलेला शब्द पाळते, संस्थेचा नियम पाळत नाही. चार अक्षरांत हे कुठेच मावत नाही.

ज्यांना तरीही चार अक्षरं हवीच आहेत त्यांच्यासाठी पूल आहे. मॅक्री आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवलं की ई-आय हे बहिर्मुखतेशी, एस-एन मोकळेपणाशी, टी-एफ सौहार्दाशी आणि जे-पी शिस्तशीरपणाशी जुळतात. भावनिक अस्थैर्याला चार अक्षरांत जागाच नाही. काळजीत जळणारं पात्र आणि निवांत पात्र एकाच प्रकारात पडतात ते म्हणूनच. गुणाचे आकडे ७२ पासून दहा-बारा तरी लांब असतील तेव्हाच अक्षर लिहावं, असा आमचा ठोकताळा.

कथेच्या ओघात पात्र बदलत असेल तर चाचणी दोनदा भरा: पहिल्या वळणापर्यंतच्या प्रसंगांवर एकदा, शेवटच्या भागावर एकदा. दोन्हींची सरासरी काढू नका. आणि एकट्याने भरलेल्या निकालावर थांबू नका. दुसऱ्या वाचकाने स्वतंत्र भरलेल्या उत्तरांशी उपगुणागणिक ताडून बघा. चारपेक्षा जास्त फरक असलेले उपगुण वेगळे काढा, त्यांतली विधानं एकेक करून घ्या आणि दोघांनी कोणता प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून गुण दिला ते विचारा. बहुतेक वेळा दोघांनी वेगळे प्रसंग धरलेले असतात. मग दोन्ही प्रसंग कागदावर घ्या आणि त्या विधानाला पुन्हा गुण द्या.